हार्ड डिस्क बंद पडणारच, हे धरून करावयाची तयारी

हार्ड डिस्क किती वर्षे टिकते, असे विचारणाऱ्याला बहुधा एक आकडा हवा असतो आणि तो देणे अवघडही नाही. घरगुती वापराच्या डिस्कांवर साधारणपणे दोन ते पाच वर्षांची वॉरंटी असते. बऱ्याच डिस्क वॉरंटी संपल्यावरही कित्येक वर्षे बिनतक्रार चालतात आणि काही मात्र पहिल्याच महिन्यात मान टाकतात. अडचण अशी की असा आकडा हजारो डिस्कांच्या सरासरीतून निघालेला असतो आणि आपल्या टेबलावर डिस्क एकच असते. तिला सरासरी ठाऊक नसते. म्हणून या लेखात प्रश्न थोडा बदलून घेतला आहे: ही डिस्क आज रात्री बंद पडली, तर उद्या सकाळी आपल्याकडे काय उरलेले असेल आणि गेलेले पुन्हा जागेवर यायला किती वेळ लागेल? पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाचे उत्तर आधीच तयार ठेवण्यासाठी आहेत.

आकडे कसे वाचावेत

डिस्कच्या माहितीपत्रकात एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) नावाची एक संख्या असते आणि ती बऱ्याचदा दहा लाख तास किंवा त्याहून अधिक असते. वर्षाचे तास ८,७६० धरले, तर दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे होतात. एखादी डिस्क ११४ वर्षे चालेल असा याचा अर्थ अर्थातच नाही. अशा पुष्कळ डिस्क त्यांच्या ठरलेल्या आयुष्यमर्यादेत एकाच वेळी चालवल्या, तर वर्षाकाठी त्यांतील सुमारे ०.८८ टक्के बंद पडतील, एवढेच ती संख्या सांगते. व्यवहारात तेवढेही खरे ठरत नाही. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाला बदलाव्या लागणाऱ्या डिस्कांचे प्रमाण सहसा २ ते ४ टक्के आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत आढळले. त्याच वर्षी गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिल्या वर्षातील डिस्कांचे बिघाडाचे प्रमाण १.७ टक्के होते, तर तीन वर्षांच्या डिस्कांचे ८.६ टक्क्यांहून अधिक होते.

अलीकडचे आकडे हवे असतील, तर बॅकब्लेझ ही बॅकअप सेवा देणारी कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कांची आकडेवारी खुली करत आली आहे. तिच्याकडील बिघाडाचे वार्षिक प्रमाण २०२१ मध्ये १.०१, २०२२ मध्ये १.३७, २०२३ मध्ये १.७० आणि २०२४ मध्ये १.५७ टक्के होते. मात्र हे डेटा सेंटरमधले आकडे आहेत: तेथे डिस्क अखंड चालू असतात, हवा थंड असते आणि कोणाचा पाय वायरीत अडकत नाही. घरातली पोर्टेबल डिस्क पिशवीतून फिरते, चालू असताना पडते आणि वाटेल तेव्हा उपसली जाते, त्यामुळे तिच्याबाबत हे प्रमाण किमान समजावे.

घरच्या हिशेबासाठी दीड टक्का धरून पाहू. एक डिस्क पाच वर्षांत बंद पडण्याची शक्यता साधारण ७ टक्के निघते, आणि ती कोणाला फार वाटणार नाही. पण घरात चार डिस्क असतील, तर पाच वर्षांत त्यांतील निदान एक जाण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एक इतकी होते. डिस्क वाढवल्या की साठवण वाढते आणि त्याबरोबर बिघाड पाहण्याचे प्रसंगही वाढतात, हे नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली, अनेक डिस्क मावणारी साठवणीची पेटी) विकत घेताना सहसा ध्यानात येत नाही.

डिस्क कशाने जाते

साडेतीन इंची डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये तबकडीच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असतो, आणि वाचन-लेखन करणारे हेड त्या तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. नव्या मोठ्या डिस्कांत हवेऐवजी हेलियम भरलेला असतो. हेड तबकडीला टेकले, की त्या जागेवरचा चुंबकीय थर खरवडला जातो, त्याचे कण आत फिरू लागतात आणि नुकसान पसरत जाते. याखेरीज मोटरचे बेअरिंग झिजते, हेड स्वतः कमकुवत होते, सर्किट बोर्ड विजेच्या चढउताराने जळतो, आणि क्वचित डिस्कच्या आतील फर्मवेअरमध्येच (डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दोष असतो.

यांतील झीज हळूहळू होते आणि तिची चाहूल लागू शकते. सर्किट बोर्ड मात्र पूर्वसूचना देत नाही. तापमानाची भीती लोकांना गरजेपेक्षा जास्त वाटते. गूगलच्या अभ्यासात मध्यम तापमान आणि बिघाड यांचा ठळक संबंध दिसला नव्हता. जुन्या आणि फार तापलेल्या डिस्कांतच तो जाणवला. डिस्क ४५ अंश सेल्सियसच्या आत राहील एवढी हवा खेळती ठेवली, की घरासाठी पुरे. धक्का ही त्याहून खरी चिंता आहे, कारण चालू डिस्कची धक्का सोसण्याची ताकद बंद डिस्कच्या तुलनेत कितीतरी कमी असते. फिरती डिस्क हलवू नये, आणि बंद केल्यावरही तबकड्या थांबेपर्यंत अर्धा मिनिट थांबावे.

एसएसडीमध्ये, म्हणजे चिपमध्ये डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, फिरणारे काही नसते, म्हणून ती अमर आहे असा समज पसरला आहे. तिच्या पेशी ठरावीक वेळाच लिहिता येतात. १ टीबीच्या सामान्य एसएसडीवर सुमारे ६०० टीबी लेखनाची हमी असते, आणि रोज ५० जीबी लिहिले तरी तेवढ्याला तीस वर्षांहून अधिक लागतील. त्यामुळे घरातली एसएसडी लिहून लिहून संपण्याची शक्यता कमी आहे. ती जाते तेव्हा बहुधा तिचा कंट्रोलर, म्हणजे तिचे कामकाज चालवणारी चिप, जातो आणि क्षणापूर्वी चालणारी ड्राइव्ह संगणकाला दिसेनाशी होते. शिवाय वीज न देता कपाटात ठेवून देण्यासाठी ती योग्य नाही. ग्राहकोपयोगी एसएसडीची लेखनमर्यादा संपल्यावर ३० अंश तापमानात वीज नसताना एक वर्ष डेटा टिकावा, एवढीच अपेक्षा जेडेक या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात आहे. नवी ड्राइव्ह त्याहून पुष्कळ अधिक काळ धरून ठेवते, पण वर्षानुवर्षांच्या साठवणीसाठी हार्ड डिस्कच बरी.

पायरी १: काय आहे आणि कोठे आहे, याची मोजदाद

काही विकत घेण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि घरातील प्रत्येक साठवणीचे साधन त्यावर लिहावे: लॅपटॉप, जुना संगणक, पोर्टेबल डिस्क, पेन ड्राइव्ह, फोन, कॅमेऱ्याची कार्डे, क्लाउडवरील खाती. प्रत्येकापुढे क्षमता, खरेदीचे वर्ष आणि डिस्कचा अनुक्रमांक लिहावा. अनुक्रमांक लिहिण्याचा आता कंटाळा येईल. त्याचे मोल पुढे सातव्या पायरीत कळेल.

मग डेटाची प्रतवारी करावी. कौटुंबिक छायाचित्रे, स्वतःचे लेखन, कागदपत्रांचे स्कॅन आणि हिशेब हे एकदा गेले की जगात दुसरीकडे कोठेही मिळणार नाहीत. मेहनतीने पुन्हा उभे करता येईल असे दुसऱ्या गटात ठेवावे, उदाहरणार्थ संगणकाची मांडणी किंवा सीडीवरून उतरवलेले संगीत. जे पुन्हा डाउनलोड करता येते ते तिसऱ्या गटात जाईल. या वर्गवारीचा फायदा असा, की ६ टीबी डेटापैकी खरोखर अमूल्य असा डेटा अनेकदा अर्ध्या टीबीच्याही आत निघतो. एवढ्याचीच काटेकोर काळजी घ्यायची असेल, तर खर्च आणि कष्ट दोन्ही आवाक्यात येतात. सगळ्या गोष्टींना सारखेच जपू पाहणारे लोक शेवटी काहीच जपत नाहीत, असे माझे निरीक्षण आहे.

एक इशारा येथेच देतो. पोर्टेबल डिस्क घेऊन त्यावर फोटो हलवले आणि लॅपटॉपवरून पुसले, तर त्याला बॅकअप म्हणत नाहीत. ते स्थलांतर झाले. प्रत एकच राहिली, आणि तीही अधिक नाजूक वस्तूवर.

पायरी २: डिस्कची निवड

क्षमता ठरवताना आजच्या डेटाच्या दुप्पट जागा धरावी आणि डिस्क ऐंशी टक्क्यांहून अधिक भरू देऊ नये. डब्यावरील ४ टीबी विंडोजमध्ये ३.६४ दिसतात, हा दोष नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

दुसरी पाहायची बाब म्हणजे लेखनाची पद्धत. सीएमआर डिस्कमध्ये डेटाच्या पट्ट्या शेजारीशेजारी असतात, तर एसएमआर डिस्कमध्ये त्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे एसएमआरमध्ये मधलीच एखादी पट्टी बदलायची झाली, तर तिच्या लगतच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. अधूनमधून बॅकअप घेऊन बाजूला ठेवायच्या डिस्कसाठी एसएमआर चालते. नॅसमध्ये, विशेषतः रेडची (अनेक डिस्क एकत्र बांधण्याची पद्धत, पायरी ४ पाहा) पुनर्बांधणी, म्हणजे बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणे, चालू असताना, ती असह्य संथ होते आणि कधीकधी नॅस तिला बिघडलेली समजून बाहेर काढते. माहितीपत्रकात हा उल्लेख स्पष्ट नसेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचा क्रमांक टाकून शोधावे.

नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कांत एक खरा फरक असतो. न वाचता येणारा सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा डेटाचा छोटा कप्पा, आढळला, की साधी डेस्कटॉप डिस्क तो वाचण्याची धडपड बराच वेळ करत राहते. नॅसची डिस्क काही सेकंदांत, सहसा सातच्या आसपास, हार मानून तसे कळवते आणि उरलेले काम रेडवर सोपवते. म्हणून रेडमध्ये अशाच डिस्क लावाव्यात. एकट्या वापरायच्या डिस्कमध्ये मात्र ती धडपड हवीच असते.

नॅससाठी चार डिस्क घेताना त्या एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेऊ नयेत. एकाच तुकडीतल्या डिस्कांत दोष असला तर तो सगळ्यांत असतो, आणि सारख्याच वापराने त्या जवळपास एकाच सुमारास थकतात. दोन विक्रेत्यांकडून, दोन वेगळ्या मॉडेलच्या घेतल्या तर उत्तम.

पायरी ३: नव्या डिस्कची परीक्षा

नवी डिस्क आली की लगेच डेटा भरू नये. आधी पूर्ण डिस्क लिहून ती पूर्ण वाचून पाहावी. लिनक्सवर बॅडब्लॉक्स, विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू यांसारखी साधने हे काम करतात. बॅडब्लॉक्सच्या लिहून पाहण्याच्या चाचणीत डिस्कवरील सगळे पुसले जाते, म्हणून ती रिकामी असतानाच हे करायचे. ८ टीबीच्या डिस्कला लिहायला पंधरा तास आणि वाचायला तेवढेच तास लागतील. मग स्मार्ट (डिस्कची स्वतःच्या प्रकृतीची तपासणी, पायरी ५ पाहा) चाचणीचा दीर्घ प्रकार चालवावा. जन्मतःच कच्च्या असलेल्या डिस्क यात बऱ्याच उघड्या पडतात, आणि डिस्क परत करण्याची मुदत संपलेली नसते. खोटी क्षमता दाखवणारी बनावट साधनेही याच परीक्षेत सापडतात.

पायरी ४: प्रती, आणि रेडबद्दलचा गैरसमज

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एक हा नियम अजूनही सर्वांत उपयोगी आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. तीन प्रतींत मूळ प्रतही मोजायची. घराबाहेरची प्रत ही चैन नाही. चोर लॅपटॉप नेतो तेव्हा शेजारची पोर्टेबल डिस्कही नेतो, आणि आग किंवा पाणी एका खोलीतल्या दोन डिस्कांत भेद करत नाही.

याला मी एक अट जोडेन: तीनपैकी एक प्रत एरवी संगणकापासून तोडलेली असावी. खंडणीखोर रॅन्समवेअर संगणकाला दिसणारी प्रत्येक ड्राइव्ह कुलूपबंद करते, मग ती जोडलेली बॅकअप डिस्क असो वा नॅसवरचा सामायिक फोल्डर. कपाटातल्या वायर काढलेल्या डिस्कपर्यंत तिचा हात पोहोचत नाही.

आता रेड. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी काट्झ यांनी १९८८ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा स्वस्त डिस्क एकत्र बांधून एक भरवशाची साठवण उभी करणे हा त्यांचा हेतू होता. रेड १ मध्ये दोन डिस्कांवर तेच लिहिले जाते. रेड ५ मध्ये एका आणि रेड ६ मध्ये दोन डिस्क गेल्या तरी काम चालू राहते. रेडमुळे वाचते ते काम, आणि तेही फक्त डिस्कच्या बिघाडापासून. चुकून पुसलेली फाइल रेड १ मधल्या दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. नॅसचा वीजपुरवठा भडकला तर आतल्या सगळ्या डिस्क एकदम जाऊ शकतात. म्हणून रेड ही तीनपैकी एक प्रत मोजावी, मग आत कितीही डिस्क असोत.

पुनर्बांधणीचा काळ हा रेडमधला सर्वांत नाजूक काळ असतो. १६ टीबीची डिस्क बदलली आणि सेकंदाला २०० एमबी हा वेग सतत मिळाला, तरी पुनर्बांधणीला बावीस तास लागतात. प्रत्यक्षात डिस्कच्या आतल्या पट्ट्यांवर वेग निम्म्यावर येतो, त्यामुळे दीड-दोन दिवस धरावेत. एवढा वेळ उरलेल्या, त्याच वयाच्या डिस्क पूर्ण ताकदीने वाचल्या जात असतात. पुष्कळ घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकात १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे एखादी न वाचता येणारी चूक गृहीत धरलेली असते आणि तेवढे बिट म्हणजे १२.५ टीबी. प्रत्यक्षातल्या डिस्क यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, तरीही मोठ्या डिस्कांच्या रेड ५ वर विसंबू नये. दोन डिस्कांच्या नॅसमध्ये रेड १ आणि चारपेक्षा अधिक डिस्क असतील तेथे रेड ६, असे मी सुचवेन. घरात बॅकअप नसेल आणि पैसे दोनच डिस्कांपुरते असतील, तर रेड न करता दुसरी डिस्क बॅकअपसाठी ठेवावी. एखादा दिवस काम थांबले तर घराचे काही बिघडत नाही.

क्लाउडविषयी हाच भेद लागू होतो. दोन यंत्रांवरील फोल्डर सारखा ठेवणारी सेवा पुसलेली फाइल इमानेइतबारे सगळीकडून पुसते, तर बॅकअप सेवा जुन्या आवृत्त्या राखते. घराबाहेरची प्रत म्हणून क्लाउड निवडताना जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात ते पाहावे आणि वेळेचा हिशेबही करावा: सेकंदाला २० मेगाबिट अपलोड असेल, तर २ टीबी वर चढायला नऊ दिवसांहून अधिक लागतात, आणि १०० मेगाबिटच्या जोडणीवरून ते उतरायला जवळजवळ दोन दिवस. हे न जमणारे असेल, तर दोन पोर्टेबल डिस्क घ्याव्यात, एक नातेवाइकाकडे ठेवावी आणि दर भेटीत अदलाबदल करावी. बाहेर जाणारी प्रत पासवर्डने एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी, असावी. तो पासवर्ड फक्त त्याच संगणकात ठेवला, तर संगणकाबरोबर पासवर्डही जाईल. तो कागदावर लिहून वेगळ्या ठिकाणी ठेवावा आणि घरातल्या आणखी एका व्यक्तीला ती जागा सांगावी.

बॅकअप आपोआप व्हायला हवा. दर रविवारी हाताने करू, हा निश्चय तिसऱ्या रविवारी मोडतो. तोडून ठेवायच्या डिस्कला मात्र हाताचीच गरज असते, म्हणून तिच्यासाठी महिन्यातला एक दिवस दिनदर्शिकेवर खुणेने बांधून ठेवावा.

पायरी ५: स्मार्टच्या खुणा

प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, आणि लिनक्स, मॅक किंवा विंडोजवर स्मार्टमॉनटूल्स ही मोफत साधने ती दाखवतात. नॅसच्या पडद्यावरही ती दिसते. रकाने वीस-पंचवीस असतात, पण लक्ष ठेवायचे ते थोड्यांवरच.

क्रमांक ५ वर डिस्कने निकामी ठरवून राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांची संख्या असते. क्रमांक १९७ वर संशयित, अजून निर्णय न झालेले सेक्टर, आणि १९८ वर चाचणीतही वाचता न आलेले सेक्टर असतात. १८७ मध्ये दुरुस्त न झालेल्या चुका आणि १८८ मध्ये वेळेत पूर्ण न झालेले आदेश मोजलेले असतात. बॅकब्लेझ आपल्या डिस्कांबाबत याच पाच खुणा पाहते. हे आकडे शून्य असावेत. पाचव्या क्रमांकावर एखादा आकडा दिसला आणि महिनोन्महिने तेवढाच राहिला, तर घाबरण्याचे कारण नाही. पण तो दर आठवड्याला वाढत असेल, तर डिस्कची रवानगी जवळ आली. गूगलच्या अभ्यासात पहिली स्कॅन चूक (डिस्क स्वतःची तबकडी तपासते तेव्हा आढळणारी) दिसल्यानंतरच्या साठ दिवसांत अशी डिस्क बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट आढळली होती, म्हणून अशा वेळी वाट पाहणे परवडत नाही.

क्रमांक १९९ वाढत असेल, तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी. हा आकडा डिस्क आणि संगणक यांच्यामधल्या वाहतुकीतील चुकांचा असतो, आणि अनेक निरोगी डिस्क केवळ सैल केबलमुळे फेकून दिल्या जातात. सीगेटच्या डिस्कवर क्रमांक १ आणि ७ पुढे कोट्यवधींचे आकडे दिसतात. तेथे दोन वेगळ्या मोजण्या एकाच संख्येत दडवलेल्या असतात, त्यामुळे त्या आकड्याने हबकू नये. क्रमांक ९ वरून डिस्क एकूण किती तास चालली ते कळते. नवी म्हणून घेतलेली डिस्क तेथे हजारो तास दाखवत असेल, तर ती तशीच परत करावी.

महिन्यातून एकदा दीर्घ स्मार्ट चाचणी चालावी आणि बिघाडाची सूचना ईमेलने यावी, अशी मांडणी नॅसवर करता येते. मात्र या खुणांवर किती विसंबावे, यालाही मर्यादा आहे. गूगलच्या त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांत, त्या अभ्यासाने प्रमुख मानलेल्या चार खुणांपैकी एकही दिसली नव्हती, आणि तापमान सोडून इतर सगळ्या खुणा धरल्या तरी ३६ टक्के डिस्क काहीही न सांगता गेल्या. स्मार्टने धोका दाखवला तर तो खरा मानावा, आणि काही दाखवले नाही तर त्यातून कसलाही निष्कर्ष काढू नये.

पायरी ६: परत आणून पाहणे

बॅकअपची खरी परीक्षा एकच आहे: त्यातून फाइल परत आणता येते का. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून वेगवेगळ्या वर्षांचे दहा-बारा फोटो आणि एखादा मोठा व्हिडिओ दुसऱ्या संगणकावर काढून उघडून पाहावा. वर्षातून एकदा, मुख्य संगणक हाताशी नाही असे समजून, फक्त कागदावरचा पासवर्ड आणि कपाटातली डिस्क घेऊन सगळी कृती करावी. बॅकअपचे सॉफ्टवेअर कोठून आणायचे, खात्यात शिरताना येणारा कोड कोणत्या फोनवर येतो, ही कोडी याच सरावात समोर येतात. त्यांपैकी दुसरे कोडे फोनही हरवला असेल तर फारच अवघड होते.

डिस्क धडधाकट असूनही एखादी फाइल आतून बदलू शकते. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल प्रणाली प्रत्येक तुकड्याची चेकसम (मजकुरावरून काढलेली ओळखसंख्या) ठेवतात आणि स्क्रब केल्यावर, म्हणजे सगळा डेटा वाचून तिच्याशी ताडल्यावर, असे बदल पकडतात. नॅसवर ही सोय असेल तर महिन्यातून एकदा स्क्रब लावावा. ती नसेल, तर अमूल्य गटातील फाइलींच्या शा-२५६ या पद्धतीने काढलेल्या चेकसमची यादी करून प्रतींबरोबर ठेवावी आणि वर्षाला पडताळावी. कपाटातली डिस्कही सहा महिन्यांतून एकदा फिरवून वाचून घ्यावी.

पायरी ७: बिघाडाचा दिवस

पहिली गोष्ट म्हणजे त्या डिस्कवर काहीही लिहू नये. विंडोजने दुरुस्ती सुचवली तरी ती चालवू नये, कारण चेकडिस्कसारखी साधने फाइल प्रणाली सुसंगत करण्यासाठी असतात. त्या प्रयत्नात ती अर्धवट वाचलेल्या नोंदी बेलाशक बदलतात. आपल्याकडे ताजा आणि पडताळलेला बॅकअप असेल, तर येथे फारसे नाट्य उरत नाही: डिस्क काढावी, नवी लावावी, प्रत उतरवावी.

बॅकअप नसेल किंवा जुना असेल, तर आधी आवाज ऐकावा. ठरावीक लयीत टकटक, खरखर, किंवा सुरू होऊन थांबणे असे काही असेल तर वीज ताबडतोब बंद करावी. प्रत्येक पुढचा प्रयत्न तबकडी अधिक खरवडतो. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जुना उपाय करू नये. आत ओल धरते. झाकण उघडू नये. तशाच डिस्कचा सर्किट बोर्ड काढून लावणेही आता सहसा निष्फळ ठरते, कारण त्या बोर्डावरील चिपमध्ये त्याच एका डिस्कची जुळणी नोंदलेली असते. अशी डिस्क स्वच्छ (धूळविरहित) कक्ष असलेल्या पुनर्प्राप्ती सेवेकडे द्यावी, आणि खर्च आधी विचारून घ्यावा.

डिस्क शांत आहे, दिसते आहे, फक्त वाचताना अडखळते आहे, तर घरी प्रयत्न करता येतो. लिनक्सवरील जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग दुसऱ्या, तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेच्या डिस्कवर उतरवते आणि अवघड जागा शेवटी राखून ठेवते. त्याला नोंदवही म्हणून एक मॅपफाइल जरूर द्यावी, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काम थांबले तेथून पुढे सुरू होते. मूळ आणि नवी डिस्क कोणती, हे आदेश देण्यापूर्वी अनुक्रमांकाने दोनदा तपासावे; उलटे झाले तर रिकामी डिस्क मूळ डिस्कवर उतरते. पुढची सारी खटपट उतरवलेल्या प्रतीवर करावी.

पोर्टेबल डिस्क अजिबात दिसत नसेल, तर पुष्कळदा आतली डिस्क ठीक असते आणि यूएसबीचा सर्किट गेलेला असतो. केबल आणि पोर्ट बदलून पाहावे. नंतर डिस्क बाहेर काढून थेट साटा जोडणीवर (संगणकाच्या आतील डिस्क जोडण्याची जागा) लावता येते, पण काही लहान डिस्कांत यूएसबीचा पोर्ट मुख्य बोर्डावरच असतो आणि काही डब्यांतला सर्किट डेटा परस्पर एन्क्रिप्ट करतो. त्या बाबतीत सुटी डिस्क वाचता येत नाही.

नॅसमधील डिस्क गेली असेल, तर नवी लावण्याच्या घाईत जुनी उपसू नये. आधी बॅकअप ताजा आहे का ते पाहावे, नसेल तर अमूल्य गट अगोदर उतरवून घ्यावा, कारण पुनर्बांधणीत दुसरी डिस्क जाऊ शकते. मग पडद्यावर दाखवलेला अनुक्रमांक आणि डिस्कवरच्या चिठ्ठीवरचा अनुक्रमांक जुळवावा. रेड ५ मधून चुकून धडधाकट डिस्क उपसली, तर पूर्ण साठवण त्याच क्षणी कोसळते. पहिल्या पायरीतला कागद येथे कामी येतो. तेव्हा लिहिला नसेल, तर नॅस बंद करून प्रत्येक डिस्कवरचा क्रमांक पाहावा लागेल, आणि आजारी डिस्क पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते.

पायरी ८: निवृत्ती

डिस्क मरेपर्यंत वापरायची की मुदतीत बदलायची, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. प्रती नीट असतील तर मरेपर्यंत वापरण्यात काही धोका नाही, फक्त गैरसोय आपल्या वेळेला येत नाही. मुख्य साठवणीची डिस्क पाच वर्षांनी बदलावी आणि जुनी, स्मार्टचे आकडे स्वच्छ असतील तर, अधिकची बॅकअप प्रत म्हणून कपाटात ठेवावी, हा मला रुचणारा मध्यममार्ग आहे. नव्या डिस्कची परीक्षा पूर्ण होऊन प्रत पडताळेपर्यंत जुनी डिस्क पुसू नये.

टाकून देताना किंवा वॉरंटीत परत करताना डिस्कवर काय आहे याचा विचार करावा. चालू हार्ड डिस्क एकदा पूर्ण शून्यांनी लिहिली तरी घरगुती गरजेला पुरते. सात-सात वेळा लिहिण्याची जुनी प्रथा आजच्या डिस्कांना लागू नाही. एसएसडीला असे लिहिणे पुरेसे नसते, तिच्यासाठी कंपनीच्या साधनातील सुरक्षित पुसण्याचा आदेश वापरावा. अडचण मृत डिस्कची आहे: ती पुसता येत नाही, आणि वॉरंटीसाठी ती फोडताही येत नाही. म्हणून डिस्क पहिल्या दिवशीच पूर्ण एन्क्रिप्ट करून वापरायला घ्यावी, म्हणजे ती बंद पडल्यावर निश्चिंतपणे परत पाठवता येते. ती गेली की कागदावरचा तिचा अनुक्रमांक खोडावा, तारीख टाकावी आणि खाली नव्या डिस्कचा लिहावा.